‘कॅमेरा आला आणि चित्रकार वाया गेले’ : त्या फॉरवर्डला माझं उत्तर

परवा आमच्या फॅमिली ग्रुपवर परत तो मेसेज आला. तुम्हालाही आला असेलच, कारण बरेच दिवस फिरतोय, दर वेळी खाली नाव वेगळं आणि वर फोटो तोच, डावीकडे कुठलीतरी जुनी मॅडोना (येशूची आई मेरी, गायिका नव्हे) आणि उजवीकडे भिंतीला टेपने चिकटवलेलं केळं. मजकूर थोडक्यात असा: कॅमेऱ्याच्या आधी पाश्चात्त्य चित्रकार हुबेहूब काढायचे, १८३९ला कॅमेरा आला आणि त्यांचा धंदा बसला, मग ज्यांना धड काढता येत नव्हतं त्यांनी धूसर फराटे मारून त्याला इम्प्रेशनिझम नाव दिलं (त्यातल्या मोनेला तर म्हणे दिसतच नव्हतं), व्हॅन गॉग वेडा, त्याचं जन्मात एकच चित्र विकलं गेलं, पिकासोला चित्र काढता यायचं नाही, आणि उरलंसुरलं सगळं सीआयएने, म्हणजे अमेरिकेच्या गुप्तहेर संस्थेने, पैसे ओतून मोठं केलं. शेवटी अर्थातच ‘पटलं तर पुढे पाठवा’.

काकांनी पाठवलेला म्हणून आधी गप्प बसलो. मग दोन आत्या आणि एका मेव्हण्याने टाळ्यांचा पाऊस पाडला तेव्हा म्हटलं आता लिहायलाच बसतो. मी काही प्राध्यापक वगैरे नाही, शाळेत एलिमेंटरी-इंटरमिजिएट दिलेला आणि इंटरमिजिएटला जेमतेम सी ग्रेड मिळवलेला माणूस, पण चित्रं बघायचा नाद तेव्हापासूनचा, आणि या मेसेजमधल्या तारखा एकमेकींशीच भांडतायत हे कळायला सी ग्रेड पुरते.

पहिला मुद्दा, ‘कॅमेऱ्याआधी सगळे हुबेहूब काढायचे’.

बरं. नेपोलियनचं ते चित्र आठवा, पांढरा घोडा दोन पायांवर उभा, लाल झगा वाऱ्यावर, एक हात वर, आल्प्स ओलांडतोय. दाव्हिदने काढलेलं, १८०१चं. प्रत्यक्षात नेपोलियन १८०० साली तो घाट खेचरावर बसून ओलांडला होता! दाव्हिदला घोडा हुबेहूब येत होता, पण हुबेहूब काढायचं नव्हतंच, गिऱ्हाइकाला हिरो पाहिजे होता. अँग्र नावाचा आणखी एक, त्याच्या रेषेइतकी स्वच्छ रेष शोधून सापडत नाही, त्याची १८१४ची पाठमोरी पहुडलेली बाई बघा. पाठ इतकी लांब की तेव्हाचे टीकाकार म्हणाले हिला तीन मणके जास्त आहेत. त्याला मोजता येत नव्हतं का? येत होतं. त्याला ती लांब वळणदार पाठ हवी होती, म्हणून ताणली. त्याच्याही आधी, १५३०च्या दशकात, पार्मिजानिनोने मेरी काढली तिची मान हंसासारखी. आणि गोया, स्पेनच्या राजाचा दरबारी चित्रकार, त्याने म्हातारपणी माद्रिदजवळच्या स्वतःच्या घराच्या भिंतींवर १८१९ ते १८२३च्या दरम्यान जी काळी चित्रं काढली, पोराला खाणारा तो सॅटर्न वगैरे, ती आज कोणी नाव न सांगता दाखवली तर काका म्हणतील हे मॉडर्न आर्टवाले असलंच भयंकर काढतात. तेव्हा कॅमेरा नव्हता.

आणि धूसर म्हणाल तर टर्नर. १८३४ला लंडनची पार्लमेंट जळाली, त्याने ती आग रंगवली, १८३५ला चित्र लोकांसमोर आलं, त्यात निम्मं चित्र नुसतं पिवळंभडक नि केशरी, इमारत त्यात विरघळलेली. मेसेजमधला १८३९चा तो कॅमेरा, म्हणजे फ्रान्सच्या डागेरचा, जगाला कळायच्या चार वर्षं आधी. आता म्हणा याला धड काढता येत नव्हतं. हा माणूस चौदाव्या वर्षी रॉयल अकॅडमीच्या शाळेत गेला आणि पुढे तिथेच पर्स्पेक्टिव्हचा, म्हणजे जवळचं मोठं नि लांबचं लहान कसं काढायचं त्याचा, प्रोफेसर झाला. पर्स्पेक्टिव्हचा! म्हणजे आपल्याला शाळेत ज्या विषयाने रडवलं तोच.

दुसरा मुद्दा, ‘कॅमेरा आला आणि चित्रकला मेली’. इथे जरा बसू, कारण सगळा मेसेज यावरच उभा आहे.

मेसेजमध्ये एक वाक्य असतं, ‘कॅमेरा बघून चित्रकार देलारोश रडत म्हणाला, आजपासून चित्रकला मेली’. हे वाक्य पुस्तकांतही सापडतं, फक्त १८३९मध्ये सापडत नाही, ते त्याच्या तोंडी घातलं गेलं तो मेल्यानंतर कैक वर्षांनी, १८७०च्या दशकात. १८३९ला देलारोशने खरं काय केलं, तर आरागो नावाच्या शास्त्रज्ञाने फ्रेंच सरकारकडे या शोधाची शिफारस केली त्यासाठी त्याने स्वतः लिहून दिलं की ही गोष्ट कलेच्या फार उपयोगाची आहे, कसलेल्या चित्रकारालाही अभ्यासाला कामी येईल. रडला वगैरे काही नाही, उलट सर्टिफिकेट दिलं. आणि पुढे १८५६मध्ये मरेपर्यंत रंगवत राहिला. गंमत म्हणजे १८५०च्या आसपास त्यानेच नेपोलियन आल्प्स ओलांडतानाचं दुसरं चित्र केलं, यात नेपोलियन खेचरावर, थंडीने आखडलेला, कंटाळलेला. म्हणजे ज्याच्या नावावर ‘चित्रकला मेली’ खपवतात त्याने कॅमेरा आल्यानंतर आधीच्यापेक्षा खरं चित्र काढलं.

आता तो पहिला कॅमेरा काय करू शकत होता ते बघा. डागेरने १८३८ला आपल्या खिडकीतून पॅरिसच्या एका बुलेवारचा फोटो घेतला, तो आजही इंटरनेटवर सापडेल. भर दिवसा, गजबजलेला रस्ता, आणि फोटोत तो ओसाड, जणू कर्फ्यू लागलाय. कारण प्लेट कित्येक मिनिटं उघडी ठेवावी लागायची, त्यात हलणाऱ्या घोडागाड्या, माणसं, सगळं पुसलं गेलं. नीट बघितलंत तर खाली डावीकडच्या कोपऱ्यात एक माणूस दिसतो, एक पाय वर ठेवून उभा, बूट पॉलिश करून घेतोय, तो हलला नाही म्हणून उरला. एवढ्या रस्त्यात तेवढाच. रंग तर नाहीच, रंगीत फोटोची प्लेट दुकानात मिळायला १९०७ उजाडलं, ल्यूमिए बंधूंची. आणि इम्प्रेशनिस्टांचं सगळं काम कशावर, तर रंग आणि हलणाऱ्या गोष्टी, पाणी, धूर, गर्दी, ऊन. म्हणजे कॅमेऱ्याला जे नेमकं येत नव्हतं तेच. धंदा बसला म्हणून पळाले असं म्हणण्यापेक्षा शेजारच्या दुकानात जे मिळत नाही ते यांनी ठेवलं असं म्हणा हवं तर.

धंदा कोणाचाच बसला नाही असं मी म्हणत नाहीये. लॉकेटात ठेवायची छोटी पोर्ट्रेट करणारे जे मिनिएचरवाले होते त्यांचं काम खरंच गेलं, बरेच जण स्वतःच फोटोग्राफर झाले. तेवढा भाग खरा.

पण मोठे चित्रकार कॅमेऱ्याला घाबरून होते ही निव्वळ थाप. देलाक्रवा १८५४ला मॉडेलचे फोटो काढून घेऊन त्यावरून रेखाटनं करत होता. देगाने तर पुढे स्वतः कॅमेरा घेतला आणि मित्रमंडळींना दिव्याच्या उजेडात तासन्‌तास बसवून छळलं. आणि हे मला सगळ्यात आवडतं, ज्या १८७४च्या प्रदर्शनातून इम्प्रेशनिस्ट हे नाव पडलं, १५ एप्रिलला पॅरिसमध्ये सुरू झालं ते, ते भरलं कुठे होतं? नादार नावाच्या फोटोग्राफरच्या स्टुडिओत! पॅरिसमधला सगळ्यात नावाजलेला फोटोग्राफर, त्याने नुकतीच सोडलेली जागा. ज्यांचा धंदा कॅमेऱ्याने बसवला ते लोक प्रदर्शन लावायला फोटोग्राफरच्याच घरी गेले, आता याला काय म्हणायचं.

कॅमेऱ्याने एक गोष्ट मात्र केली, ‘हुबेहूब’वाल्यांची पोल खोलली. जेरिकोचं १८२१चं घोड्यांच्या शर्यतीचं चित्र आहे, लूव्रमध्ये, त्यात घोडे चारही पाय पुढे-मागे ताणून हवेत, उडी मारणाऱ्या कुत्र्यासारखे. पिढ्यान्‌पिढ्या असेच काढायचे आणि लोक म्हणायचे वा, जिवंत घोडा. १८७८ला मायब्रिज नावाच्या फोटोग्राफरने कॅलिफोर्नियात ओळीने कॅमेरे लावून पळत्या घोड्याचे फोटो काढले, त्यात दिसलं की चारही पाय हवेत असतात खरे, पण तेव्हा ते पोटाखाली गोळा झालेले असतात, ताणलेले नसतात. म्हणजे जे ‘हुबेहूब’ म्हणून मिरवलं ते घोड्याला माहीतच नव्हतं. देगाने ते फोटो बघितले आणि आपले घोडे सुधारून घेतले.

तिसरा मुद्दा, इम्प्रेशनिस्टांना काढता येत नव्हतं आणि मोनेला दिसत नव्हतं.

(आधी एक खुलासा, मोने आणि माने हे दोन वेगळे फ्रेंच चित्रकार. आपल्याकडे दोन्ही आडनावं असल्यामुळे ग्रुपवर फार गोंधळ झाला, एक आत्या विचारत होती हे कुठले, कोकणातले का.)

मोतीबिंदूचं दोन ओळीत संपतं. मोनेला मोतीबिंदू होता हे खरं, डॉक्टरने निदान केलं १९१२ला, ऑपरेशन १९२३ला. आणि ज्या ‘इम्प्रेशन, सूर्योदय’ चित्रावरून नाव पडलं ते १८७२चं. तेव्हा तो बत्तीस वर्षांचाही नव्हता, डोळे ठणठणीत. चाळीस वर्षांनी झालेला आजार मागे जाऊन चित्र कसं बिघडवेल? शेवटच्या काही वर्षांतली लाल-तपकिरी झालेली चित्रं डोळ्यांमुळे तशी आहेत असं म्हणता येईल, त्यावर माझं भांडण नाही.

काढता येण्याबद्दल, हा पोरगा शाळेत असल्यापासून ल हाव्रमध्ये लोकांची व्यंगचित्रं काढून पैसे घ्यायचा. १८६६ला त्याने कामीयचं, म्हणजे पुढे त्याची बायको झालेल्या मॉडेलचं, हिरव्या रेशमी झग्यातलं मोठं चित्र सलोंमध्ये, म्हणजे पॅरिसच्या मोठ्या सरकारी प्रदर्शनात, लावलं, निवडलं गेलं, कौतुक झालं, त्या रेशमाच्या चुण्या बघा एकदा, झग्याचा आवाज ऐकू येईल असं वाटतं. म्हणजे त्याला तो रस्ता मोकळा होता. तरी पुढे काय केलं त्याने, अडीच मीटरहून उंच कॅनव्हास घेतला आणि बागेतल्या बायकांचं चित्र बाहेर उन्हातच रंगवायचं ठरवलं, आता एवढ्या उंच कॅनव्हासचा वरचा भाग रंगवायला शिडी लावली तर नजरेची पातळी बदलणार, म्हणून त्याने बागेत चर खणला आणि कप्पीने कॅनव्हास खाली-वर करायची सोय केली. ज्याला येत नाही तो चर खणत नाही हो. ते चित्र १८६७च्या सलोंने नाकारलं.

हे बाहेर जाऊन रंगवणं जमलं कशामुळे हे मेसेजमध्ये कुठेच नाही, आणि खरी गोष्ट तिथे आहे. आधी तयार तैलरंग डुकराच्या मूत्राशयाच्या पिशवीत भरून मिळायचे, टाचणीने भोक पाडायचं, पिळायचं, परत नीट बंद होत नाही, रंग वाळतो, पिशवी फुटते. १८४१ला जॉन रँड नावाच्या अमेरिकन चित्रकाराने पत्र्याची पिळायची ट्यूब काढली, आपण टूथपेस्टची पिळतो तशीच, झाकणासकट. त्यात रेल्वे आली, सकाळी पॅरिसमधून निघा, नदीकाठी उतरा, रंगवा, रात्री घरी. मग ऊन सरकतंय, ढग येतोय, अर्ध्या तासात सगळं बदलणार, तर फराटे मोठे आणि भराभर मारावे लागणारच. मोने पुढे गवताच्या गंज्या रंगवायला लागला १८९०-९१ला, तीच गंजी, सकाळ, संध्याकाळ, बर्फ, धुकं, एकाच वेळी अनेक कॅनव्हास सोबत घेऊन, उजेड बदलला की पुढचा काढायचा. १८९१ला त्यातली १५ एकत्र मांडली. एकेकटी बघितलीत तर ‘यात काय आहे’ वाटेल, मलाही वाटलं होतं. ओळीने बघा, मग कळतं चित्र गंजीचं नाहीच, वेळेचं आहे.

‘इम्प्रेशनिझम’ नावही त्यांनी स्वतःला लावून घेतलेलं नाही. लेरॉय नावाच्या पत्रकाराने मोनेच्या त्या सूर्योदयाची टर उडवली, म्हणाला भिंतीला लावायच्या कागदाचा कच्चा नमुनाही या समुद्रापेक्षा पूर्ण असतो. शिवी होती ती. यांनी नंतर तीच पाटी करून दारावर लावली.

चौथा, व्हॅन गॉग. वेडा, एकच चित्र विकलं, कान कापला.

कान कापला, खरं. २३ डिसेंबर १८८८. नुसती कानाची पाळी-बिळी नाही, जवळजवळ अख्खा, त्याच्यावर उपचार केलेल्या डॉक्टरने काढून दिलेलं स्केच २०१६मध्ये जगासमोर आलं त्यात स्पष्ट आहे. झटके यायचे हेही खरं, पण झटका असताना त्याला हात चालवता यायचा नाही, बरा झाला की कामाला लागायचा, त्यामुळे ‘वेडात काढली’ हे उलटं आहे, वेड उतरल्यावर काढली. त्याची आठशेच्या वर पत्रं शिल्लक आहेत, ती वाचा, कुठला निळा कुठल्या केशरीशेजारी ठेवला की काय होतं याचा हिशोब एखाद्या वाण्याच्या वहीसारखा मांडलाय.

‘एकच चित्र’ म्हणजे लाल द्राक्षमळा, १८९०ला ब्रसेल्सच्या प्रदर्शनात आना बॉख या चित्रकर्तीने ४०० फ्रँकला घेतलं. ते गाजलं, म्हणून तेवढंच लक्षात राहिलं. त्याच्या काकाने १८८२ला हेगची रेखाटनं पैसे देऊन मागवली होती, रंगाच्या दुकानदाराशी चित्राच्या बदल्यात सामान घ्यायचा. फार विकलं गेलं नाही हे मान्य, पण त्याची सगळी कारकीर्दच दहा वर्षांची, सत्ताविसाव्या वर्षी सुरू, सदतिसाव्या वर्षी संपली. शेवटी शेवटी नाव व्हायला लागलं होतं. आणि पुढे त्याला जगाने ‘अचानक’ ओळखलं नाही, त्याची भावजय यो, तिशीच्या आत विधवा झालेली, कडेवर तान्हं पोर, तिने ती शेकडो चित्रं नि पत्रं सांभाळली, प्रदर्शनं लावली, कुठलं विकायचं कुठलं नाही ते ठरवलं, १९१४ला पत्रं छापली. फॉरवर्डमध्ये ही बाई कधीच नसते. वेड्या जीनियसच्या गोष्टीत हिशेब ठेवणाऱ्या भावजयीला जागा नसते बहुतेक.

पाचवा, पिकासोला येत नव्हतं. हा मुद्दा मला खरं तर सगळ्यात सोपा. बापच ड्रॉइंग मास्तर. १८९७ला पंधराव्या वर्षी त्याने ‘विज्ञान आणि सेवा’ म्हणून चित्र केलं, जवळपास अडीच मीटर रुंद, पलंगावर आजारी बाई, डॉक्टर नाडी बघतोय (डॉक्टर म्हणून वडिलांनाच बसवलंय), पलीकडे नन मूल घेऊन उभी. माद्रिदच्या राष्ट्रीय प्रदर्शनात उल्लेखनीय म्हणून नावाजलं गेलं. आपल्याकडे हळदणकरांची दिवा धरलेली बाई जेवढी फिरते तेवढं हे चित्र फिरलं तर पिकासोला येत नव्हतं म्हणायची कोणाची हिंमत होणार नाही. (हळदणकर मलाही आवडतात, उगाच भांडू नका.)

पण खरा पुरावा बैल. डिसेंबर १९४५ ते जानेवारी १९४६, पॅरिसच्या एका लिथोग्राफच्या, म्हणजे दगडावर काढून छापायच्या, छापखान्यात पिकासो एकाच दगडावर एक बैल काढत बसला आणि अकरा टप्प्यांत त्याचे ठसे घेतले. पहिला नेहमीसारखा बैल. पुढे तो आणखी भरतो, गेंड्यासारखा जाड, मांसल. मग त्यावर रेषा येतात, खाटीक कुठला भाग कुठून कापायचा ते दाखवतो तशा. मग भाग जायला लागतात, वजन पुढच्या पायावर गेलं, मागचा भाग आटला, डोकं लहान लहान होत गेलं, शेवटच्या ठशात उरतात मोजून काही रेषा, पाठ, पोट, चार पाय, शेपूट, मुंगीएवढं डोकं नि दोन शिंगं. आणि तरी बैलच, बकरी नाही, गाय नाही. फॉरवर्डवाले नेहमी अकरावा दाखवतात आणि म्हणतात माझा नातू काढेल. नातवाला अकरावा काढता येईलही, पहिले दहा काढून मग पोचायला सांगा. मोंद्रियान या डच चित्रकाराचंही तसंच, त्याच्या त्या प्रसिद्ध चौकोनी पट्ट्यांच्या आधी १९०८ ते १९१२ची त्याची झाडं ओळीने लावा, लाल झाड, मग राखाडी झाड, मग फुललेलं सफरचंदाचं झाड, फांद्या हळूहळू रेषा होत जातात, डोळ्यासमोर.

सहावा, सीआयए. यात तथ्य आहे, म्हणून सरसकट उडवून लावत नाही. शीतयुद्धात सीआयएने आडून आडून सांस्कृतिक संस्थांना पैसा पुरवला हे १९६६-६७ला उघड झालं, आणि अमेरिकन अमूर्त चित्रांची युरोपभर प्रदर्शनं फिरली हेही खरं. पण ‘अमूर्त कला सीआयएने पैदा केली’? मालेविच या रशियात काम करणाऱ्या चित्रकाराचा काळा चौकोन पेत्रोग्राडमध्ये लागला १९१५ला. अमूर्त चित्रांच्या सुरुवातीचा दुसरा मोठा चित्रकार कान्दिन्स्की, तोही रशियन. म्हणजे ज्या गोष्टीचा जन्मच बराचसा रशियनांच्या घरी झाला ती रशियाविरुद्धचा कट? अमेरिकन चित्रकार पोलॉकने कॅनव्हासवर रंग ओतायला सुरुवात केली १९४७ला, सीआयए स्थापन झाली १९४७च्याच सप्टेंबरात, कार्यालयातल्या खुर्च्या तरी आल्या असतील का तेव्हा. उलट त्याच सुमारास अमेरिकन सरकारने विकत घेऊन परदेशी पाठवलेली आधुनिक चित्रं पेपरांत नि संसदेत बोंब झाली म्हणून मागे बोलावली आणि १९४८ला युद्धाचं जादा सामान म्हणून किरकोळ किमतीला विकून टाकली. प्रेसिडेंट ट्रुमन स्वतः असल्या चित्रांची टिंगल करायचे, काकांचं आणि त्यांचं छान जमलं असतं.

मग आपल्याला हे फॉरवर्ड इतकं का पटतं? मला वाटतं त्याचं एक कारण घरचं आहे. मुंबईचं जेजे, म्हणजे जे. जे. स्कूल ऑफ आर्ट, १८५७ला सुरू झालं, तिथला अभ्यासक्रम लंडनच्या धर्तीवर बेतलेला, तिथून शिकून निघालेल्यांनी ड्रॉइंग मास्तर घडवले, त्यांनी आपल्याला तांब्या, वाटी नि दुमडलेला टॉवेल समोर ठेवून ऑब्जेक्ट ड्रॉइंग शिकवलं, आणि तांब्याची लंबवर्तुळं जुळली की मार्क. आपल्याकडे चित्राचं सर्वात मोठं कौतुक ‘अगदी फोटोसारखं’ आणि फोटोचं ‘अगदी चित्रासारखा’. त्याच जेजेतून १९४५ला सूझा या चित्रकाराला काढून टाकलं, आणि दोन वर्षांनी त्याने, रझांनी, हुसेनांनी, आरा, गाडे, बाकरेंनी मिळून मुंबईत प्रोग्रेसिव्ह ग्रुप काढला. यातल्या कोणाची किंमत किती कोटी ते ग्रुपवर सगळ्यांना माहीत असतं, चित्र कुठलं ते विचारलं की रेंज जाते.

राहिलं केळं. ते २०१९चं, कातेलान नावाच्या इटालियनाचं, मायामीच्या आर्ट फेअरमध्ये १ लाख २० हजार डॉलरला विकलं, आणि २०२४ला न्यूयॉर्कच्या लिलावात त्याच कामाची एक आवृत्ती ६२ लाख डॉलरला गेली, घेणाऱ्याने नंतर ते खाल्लंही. मला स्वतःला ते आवडत नाही, विनोद बरा आहे पण किमतीएवढा नाही. त्यावर भांडायचं असेल तर काका मी तुमच्याच बाजूला बसेन. फक्त तेव्हा मोनेला मधे आणू नका, तो १९२६ला गेला, केळ्याच्या त्र्याण्णव वर्षं आधी.